महाशंखापुढची ओळ

त्या राज्यात पाठीवर शंख घेऊन कोणी जन्माला येत नसे. जन्माला यायचं ते मऊ, उघडी पाठ घेऊन, आणि मग ती झाकण्यासाठी जन्मभर शंखाच्या मागे फिरायचं, हीच तिथली रीत. खेकड्यांना चिमटे होते, पाय होते, काडीवर बसवलेले डोळे होते. पाठ तेवढी देव करायची विसरला होता. म्हणून तिथे कोणी कोणाला ‘कशी आहेस’ असं विचारत नसे. ‘शंख आहे ना?’ असं विचारत. ‘आहे’ म्हटलं की मग पुढचं बोलणं.

राज्याचे दोन भाग होते. वर खडकांच्या माथ्यावर डबकी होती. तिथे फक्त उधाणाचं पाणी पोचे, आणि शेवाळ उगवे ते पोटापुरतंही नाही. खाली आखात होतं, आणि आखाताच्या काठी पाठघाट. दूरच्या समुद्रांतून मोठमोठी कासवं तिथे पाहुणी येत, घाटावर अंग सैल सोडत, डोळे मिटत, आणि खेकडे त्यांच्या पाठी घासून देत. शेवाळ, किटण, चिकटलेली कालवं, मानेखालच्या घडीतला मळ, जे खरवडून निघेल ती मजुरी. कासवांना बरं वाटे, खेकड्यांचं पोट भरे. वरच्या डबक्यांतली तरणीताठी पोरं एकामागून एक खाली उतरत ती याच मजुरीसाठी.

साळूही अशीच उतरली होती. निघायच्या दिवशी तिची आई म्हणाली, “खालच्या पाण्यात किरकोळ शंख टिकायचा नाही. माझा घे.” साळू नको नको म्हणत असतानाच म्हातारी आपल्या पिवळसर शंखातून बाहेर आली आणि जवळ पडलेल्या नारळाच्या करवंटीखाली जाऊन बसली. करवंटी म्हणजे छप्पर, घर नव्हे; तिला आत वळून बसायला जागा नसते आणि कडेनं वारा शिरतो. “मला आता कुठं मिरवायचंय?” आई म्हणाली. “तू परत येशील तेव्हा दे.” साळूला तो शंख मोठा होत होता. तिने तळाशी शेवाळाचा बोळा कोंबला आणि खाली आली. तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं, की हा शंख धड परत न्यायचा. बाकी जगात काय व्हायचं ते होवो.

तिचा हात चांगला होता. मानेखालच्या नाजूक जागेत लहान चिमटा कसा फिरवावा, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण दोनशे वर्षांचं कासवसुद्धा तिच्यापुढे लहान पोरासारखं मान वर करून पडे. मिळेल त्यातलं अर्धं ती खाई आणि अर्धं उधाणाच्या पाण्याबरोबर वर आईकडे सोडी. निरोप आणायला गोगलगाय होती. ती इतकी सावकाश चाले की निरोप पोचेपर्यंत रडणारा हसू लागलेला असे आणि हसणारा रडू. आईचा निरोप नेहमी एकच असे: मी बरी आहे, तू जेवतेस ना?

आता पाठघाटावर उभं राहायचं तर जागा लागे, आणि जागा फुकट मिळत नसे. जागेसाठी घास लागत. ते नसतील तर काळ्या खडकाकडे जावं लागे.

हा खडक घाटाच्या अलीकडेच होता, आणि त्याला आठ बिळं होती. बिळांत कोण राहतं ते कोणी पाहिलं नव्हतं. बिळातून हात येई, एवढंच सगळ्यांना ठाऊक. लांब, बिनहाडाचा हात. तो घास पुढे ठेवी, आणि ठेवता ठेवता घेणाऱ्याच्या शंखावर एक गोल शिक्का उमटवी. शिक्का पुसला जात नसे. खेकड्यांनी त्या हातांना नावंही ठेवली होती. पहिल्या बिळातला मऊ हात. तो कधी ओरखडा काढत नसे. चौथ्यातला थंड हात. सातव्यातला रोजचा हात, कारण तो आज दिलेल्या घासाचा वाटा उद्यापासून रोजच्या रोज मागे. आठही हातांचं आपसांत हाडवैर आहे असं म्हणत, कारण एकाच वेळी दोन बिळांतून दोन हात कधी बाहेर येत नसत. यांचं बोलणं करायला एक वाम मासळी होती. लांब, काळी, गुळगुळीत. सगळे तिला वामबाई म्हणत. ती आठही बिळांच्या दाराशी घसरत फिरे आणि घास मागायला येणाऱ्या प्रत्येकीला “अगं, तू माझी धाकटी बहीण” म्हणे. एवढ्या बहिणी त्या आखातात दुसऱ्या कोणाला नव्हत्या.

साळूने जागेसाठी मऊ हाताकडून घेतलं. पहिला शिक्का उमटला तेव्हा तिला वाईट वाटलं, आईच्या शंखावर उमटला म्हणून. पण घाटावर बिनशिक्क्याचा शंख होताच कोणाचा? ज्याच्या शंखावर शिक्का नाही त्याला उलट लोक विचारत, तुला कोणी दिलं नाही वाटतं?

मग पाण्याला पांढरी साय आली.

कुठून आली ते कोणाला कळलं नाही. पातळ, दुधासारखी, पाण्यावर हलत हलत ती दूरच्या समुद्रांतून सरकत आली, आणि ज्याला तिचा स्पर्श होई त्याचे कल्ले ताठरत. पहिल्या आठवड्यात घाटावरचे तीन खेकडे गेले. त्यांना शेवटचं पाहायलाही कोणाला जवळ जाऊ दिलं नाही. वर उंच कड्यावर राज्याचा दरबार बसे; तिथून कुरव पक्षी खाली आले आणि त्यांनी दवंडी पिटली: आखाताचं तोंड दगडांनी बंद केलं आहे. पाहुणी कासवं यायची नाहीत. प्रत्येकाने आपापल्या शंखात बसावं. जो शंखात बसेल तो वाचेल.

साळू शंखात बसली. सगळेच बसले. पाठघाट ओस पडला. जिथे कासवांच्या पाठींना जागा पुरत नव्हती तिथे नुसतं पाणी येई आणि जाई. पहिले चार दिवस बरे गेले. इतक्या वर्षांत कोणी स्वस्थ बसलंच नव्हतं. शेजारची ठकूमावशी, जिचे दोन पाय आणि एक चिमटा कासवांखाली सापडून गेले होते आणि जीभ मात्र शाबूत होती, आपल्या शंखातून ओरडून म्हणाली, “दरबार म्हणतो शंखात बसा. बसतो की! पण पोट शंखाच्या आत येतं की बाहेर ठेवायचं, ते नाही सांगितलं.” आजूबाजूचे शंख हसले. पाचव्या दिवशी ती पुन्हा तेच म्हणाली, पण हसलं कोणी नाही.

साळूने तळाशी कोंबलेला शेवाळाचा बोळा खाल्ला. आता शंख तिच्या अंगावर खुळखुळू लागला.

दरबाराने मदत जाहीर केली, हे खरं. उंच कड्याच्या पायथ्याशी कुरवांचा कारकून बसे आणि प्रत्येकाला मूठभर हिरवं शेवाळ देई. साळू दीड दिवस चालून, जीव मुठीत धरून तिथे पोचली. कारकुनाने तिच्याकडे एका डोळ्याने पाहिलं.

“जन्म कुठला?”

“वरच्या डबक्यातला.”

“मग तू शेवाळ पिकवणारी. शेवाळ पिकवणाऱ्यांना शेवाळ नाही. हे पाठ घासणाऱ्यांसाठी आहे.”

“मी पाठच घासते साहेब. सहा वर्षं घासतेय. हे चिमटे बघा ना, घासून घासून बोथट झालेत.”

“आमच्याकडे डबकं लिहिलंय,” कारकून म्हणाला, आणि त्याने पुढच्याला बोलावलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. साळू रिकाम्या चिमट्यांनी परत आली, आणि येताना वाटेत तिला गोगलगाय भेटली. आईचा निरोप होता: करवंटीला भेग गेली आहे, पण तू काळजी करू नकोस, मी भेगेकडे पाठ करून बसत नाही. साळूने उलटा निरोप दिला, “सांग, मी मजेत आहे. घाटावर गर्दी आहे, वेळ होत नाही.” गोगलगायीने घाटाकडे पाहिलं, साळूकडे पाहिलं, आणि ती वर निघाली.

त्या दिवशी साळू थंड हाताकडे गेली. अर्धं आईला सोडलं, अर्धं स्वतः खाल्लं. दुसरा शिक्का. ओहोटीला मऊ हाताचा वाटा द्यायचा होता, तो मऊ हात आता पूर्वीइतका मऊ राहिला नव्हता; त्यासाठी ती सातव्या बिळाकडे गेली. “शहाणी आहेस,” वामबाई तिच्याभोवती एक वळसा घेत म्हणाली. “सातव्याचं घ्यायचं, पहिल्याच्या तोंडावर मारायचं. ते एकमेकांचे वैरी. भांडू देत त्यांचे ते. तू मध्ये मोकळी!” साळूला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, पटवून घेण्यावाचून दुसरं काही हाताशी नव्हतं. तिसरा शिक्का उमटला.

आल्यावर ती ठकूमावशीला म्हणाली, “मावशी, तिन्ही शिक्के अगदी सारखे दिसतात गं.”

“शिक्का गोल नसेल तर काय चौकोनी असेल?” मावशी म्हणाली. “माझ्यावर पाच आहेत. झोप जा.”

मग यमूचं झालं. यमू घाटावर साळूच्या उजव्या हाताला उभी राही. तिचा आवाज गोड होता आणि ती काम करताना कासवांना गाणी म्हणून दाखवी. तिचा वाटा दोन ओहोट्या चुकला. पहिल्यांदा तिच्या दाराशी काळं पाणी सोडलं गेलं. हे खडकाकडून येई. दाट, शाईसारखं, आणि ते ज्याच्या दाराशी साचे त्याच्याशी बोलायला कोणी धजत नसे. तीन दिवस यमू त्या काळ्या पाण्यात बसली होती. तीन दिवस साळूने तिच्याकडे पाहिलं नाही. साळूला स्वतःची लाज वाटत होती, पण भीती लाजेहून मोठी होती.

चौथ्या दिवशी भर दुपारी, पाण्यात ऊन तळापर्यंत उतरलेलं असताना, हात आला. घाईने आला नाही. वाळूवरून चाचपत, एकेका शंखावर टेकत, वास घेतल्यासारखा पुढे सरकत आला. साळूच्याही शंखावर तो क्षणभर टेकला. तिने श्वास धरून ठेवला. शंखाच्या भिंतीपलीकडून तो तिला जाणवत होता, थंडगार, आणि आतल्या आत हलणारा. मग तो पुढे गेला आणि यमूच्या शंखाभोवती एकदा, दोनदा, तीनदा गुंडाळला गेला.

यमू आत होती. तिने पायांनी वाळू घट्ट धरली होती. शंख ओढला जाऊ लागला तसे वाळूत सहा रेघा उठत गेल्या, खडकापर्यंत, बिळापर्यंत. ती ओरडत होती, “देते! देते! भरतीला देते!” कोणी बाहेर आलं नाही. सगळं आखात शंखांच्या दारांतून डोळे काढून पाहत होतं.

दुसऱ्या दिवशी यमूचा शंख खडकापुढे ठेवलेला दिसला. स्वच्छ धुतलेला, आत बाहेर, चकचकीत. वामबाई सांगत होती, “कोणी घेणार असेल तर सांगा, स्वस्तात आहे.”

“आणि यमू?” कोणीतरी विचारलं.

“गावाला गेली,” वामबाई म्हणाली.

उघड्या पाठीने यमू वरच्या डबक्यापर्यंत चालत गेली, हे कोणाला खरं वाटलं नाही. पण सगळे म्हणू लागले, यमू गावाला गेली, बरं झालं, सुटली. साळूही म्हणाली.

पाण्यावरची साय पातळ होत चालली होती, तरी आखाताच्या तोंडावरचे दगड कोणी हलवत नव्हतं. साळू आता तिन्ही हातांचं देणं लागत होती. वाट्याचा वाटा झाला होता, चुकलेल्याचा दुप्पट झाला होता. आभाळच फाटलं, तिथे ठिगळ कुठं लावणार! एका सकाळी ती जागी झाली आणि बाहेर पाय काढला, तो पाय काळ्या पाण्यात पडला.

ती मागे सरकून शंखाच्या अगदी तळाशी जाऊन बसली. तिथे, आतल्या गुळगुळीत भिंतीवर, तिच्या आईच्या पाठीने वर्षानुवर्षं घासून पडलेला खळगा होता. साळू त्यात अंग चोरून बसली. तिला रडावंसं वाटलं, पण रडण्याने शंख हलेल आणि आवाज होईल अशी तिला भीती वाटली. येत्या मोठ्या ओहोटीला हात येणार. अजून तीन दिवस.

आणि त्याच दिवशी वामबाई घाटभर हिंडून सांगू लागली की महाशंख आला आहे.

हे समजायला ओळ म्हणजे काय ते कळायला हवं. त्या राज्यात गरिबाला मोठं घर मिळायची एकच वाट होती, आणि ती खेकड्यांनी स्वतःच शोधून काढली होती. कुठे मोठा रिकामा शंख सापडला तर कोणी एकटा तो बळकावत नसे. सगळे जमत, शंखाच्या मापाने ओळ लावत, मोठ्यात मोठा पुढे, लहानात लहान मागे. प्रत्येक जण पुढच्याचा शंख धरून उभा राही. मग ओळीतलं जाणतं कोणी चिमटा आपटे, आणि त्या एका ठोक्याला सगळे एकदम बाहेर येत. पहिला नव्या शंखात, दुसरा पहिल्याच्या, तिसरा दुसऱ्याच्या. एका श्वासात सगळ्यांचं घर एकेका मापाने वाढे. तो एक श्वास मात्र सगळी ओळ उघड्या पाठीने असे. म्हणून नियम कडक होता: ओळीत उभं राहिलं की थांबायचं नाही आणि मागे फिरायचं नाही. एक जण थांबला तर त्याच्या मागचे सगळे उघडे राहतात. आजवर कोणी थांबलं नव्हतं. खेकडे दरबारावर विश्वास ठेवत नसत, पाण्यावर ठेवत नसत, पण ओळीवर ठेवत.

“आठही हातांनी समेट केलाय,” वामबाई सांगत होती. “त्यांनासुद्धा दया येते हो. वसूल होत नाही, काळ असा, म्हणून त्यांनी मिळून हा महाशंख दिलाय. कायदा काय सांगतो? शिक्का शंखावर, आणि देणं घेणाऱ्यावर. घेणारा शंखातून निघाला की शिक्का मेला. त्यातला त्यात राहिला की शिक्का जिवंत. तुम्ही सगळ्यांनी एकदा घर बदललंत की कोणाचं कोणाकडे काही राहत नाही. कोऱ्या पाटीसारखी सगळी!”

“आणि यात त्यांना काय मिळतं?” ठकूमावशीने विचारलं.

“तुमचे आशीर्वाद,” वामबाई म्हणाली.

मावशीने तोंड वाकडं केलं. पण धोंडूदादा जाऊन महाशंख पाहून आला. धोंडू घाटावरचा सगळ्यांत थोराड खेकडा, बोलणं कमी, कोणाला कधी फसवलं नाही, म्हणून त्याचा शब्द चाले. तो म्हणाला, “खडकाला टेकून ठेवलाय. एवढा मोठा मी जन्मात पाहिला नाही. मिशी आत घालून पाहिली, तळ लागत नाही. खोल आहे.”

“खोल आहे!” सगळे एकमेकांना म्हणाले. खोल शंख म्हणजे मोठं घर. त्या राज्यात खोलीला दुसरा अर्थ नव्हता.

साळू दोन दिवस विचार करत राहिली. ओळीत उभं राहायचं म्हणजे आईचा शंख सोडायचा. तिचा शंख मोठा, म्हणून ती धोंडूच्या मागे, दुसरी लागत होती. धोंडूचा शंख तिला मिळणार आणि आईचा तिच्या मागच्याला. आणि उभं राहिलं नाही तर मोठी ओहोटी, हात, आणि वाळूतल्या रेघा. शेवटी ठकूमावशीच म्हणाली, “माझं माप तुझ्या मागचंच आहे. मी शिरते तुझ्या आईच्या शंखात. शिक्के मेले की त्याला हात लावायची कोणाची छाती नाही. तोंडावरचे दगड निघाले, तू कमवायला लागलीस की परत घे, आणि ने वर. मी थोटी म्हातारी पळून जाणार कुठं?”

साळूला एकदम इतकं हलकं वाटलं की तिने मावशीचा उरलासुरला चिमटा धरला आणि सोडलाच नाही. “पुरे गं,” मावशी म्हणाली, “आहे तेवढा तरी शाबूत राहू दे.” कितीतरी दिवसांनी साळू हसली. तिने गोगलगायीला गाठून निरोप दिला, आणि या वेळी खोटं सांगावं लागलं नाही: आई, शंख सुटतोय.

मोठ्या ओहोटीच्या सकाळी ओळ लागली. काळ्या खडकापुढची वाळू पहिल्यांदाच खेकड्यांनी भरून गेली होती. पुढे महाशंख, खडकाला टेकलेला, त्याचं काळं तोंड ओळीकडे. मग धोंडू, मग साळू, मग ठकूमावशी, आणि तिच्या मागे मापामापाने तीसपस्तीस जण, अगदी शेवटी सुपारीएवढ्या शंखातली कालपरवाची बाळं. आठही बिळं रिकामी आणि शांत होती. वामबाई कुठे दिसत नव्हती. पाणी इतकं निवळ झालं होतं की वरच्या डबक्यांचे खडकसुद्धा दिसत होते.

साळूने धोंडूच्या शंखाची कड धरली. त्याच्यावरही शिक्के होते, चार. ती अगदी जवळून पाहत होती, दुसरं काही पाहायला नव्हतंच. चारही गोल, आणि प्रत्येक गोलाच्या मधोमध एक खळगा, कडेला बारीक दाते. तिच्या शंखावरच्या तिन्हींसारखेच. अगदी तेच. तिला वाटलं मावशीला सांगावं. पण ओळीत बोलत नसत, आणि मावशीचा चिमटा तिच्या शंखावर टेकला होता, आणि मागून इतकी भुकेली शांतता येत होती की ती मोडायचा धीर तिला झाला नाही.

“दादा,” ती तरीही हळूच म्हणाली, “आत परत एकदा बघता?”

“बघितलंय गं,” धोंडू म्हणाला. “घाबरू नकोस. सगळेच आहोत.”

ठोका धोंडूचाच होता. त्याने चिमटा वर उचलला. साळूने डोळे मिटले आणि आईची आठवण केली.

चिमटा दगडावर आपटला.

सगळी ओळ एकदम बाहेर आली. साळूच्या पाठीला पाणी लागलं. सहा वर्षांत पहिल्यांदा लागलं, आणि ते इतकं थंड होतं की ती कळवळली. मागे सगळ्यांचा एकच कण्हल्यासारखा आवाज उठला. पुढे धोंडू महाशंखाच्या तोंडात निम्मा शिरला होता. साळू त्याच्या सोडलेल्या शंखाकडे एक पाऊल सरकली. आणखी एक.

धोंडू थांबला.

तो आत गेला नाही आणि बाहेरही आला नाही. त्याचे मागचे पाय वाळूत रुतले आणि ताठ झाले. “दादा?” साळू म्हणाली. मग महाशंख हलला. घोंगडं बाजूला करावं तसा तो अलगद खडकावरून एका कडेला सरकला, आणि त्याला तळ का लागत नव्हता ते साळूला दिसलं. त्याच्या मागे खडक नव्हता. दार होतं.

दारात एक डोळा होता. मोठा, पिवळा, आडव्या फटीचा. तो रागावलेला नव्हता. घाटावर कासवं पसरलेली असत तेव्हा खेकडे ज्या नजरेने कोणती पाठ आधी घ्यायची ते ठरवत, त्या नजरेने तो ओळीकडे पाहत होता. डोळ्याखालून, एकाच गळ्याभोवतून, आठ हात निघाले होते, आणि खडकाच्या आत आठ वाटांनी आठ बिळांकडे गेले होते. साळूने मऊ हात ओळखला. थंड हात ओळखला. रोजचा ओळखला. आठही बिळांतून आज पहिल्यांदाच आठ हात एकाच वेळी बाहेर येत होते, सावकाश, ओळीच्या दोन्ही बाजूंनी.

साळू गर्रकन मागे वळली. आईचा शंख दोन पावलांवर पडला होता, रिकामा, तोंड तिच्याकडे. आणि त्याच्या नि तिच्या मध्ये, उघडी, सुरकुतलेली, दोन पायांनी लंगडी ठकूमावशी उभी होती. तिला पुढचं काही दिसत नव्हतं. तिच्या मागे पार सुपारीएवढ्या बाळांपर्यंत सगळी ओळ नागव्या पाठींनी कुडकुडत उभी होती, नियमाप्रमाणे, प्रत्येकाची नजर पुढच्यावर.

साळूला ओरडायचं होतं. तिने तोंड उघडलं. मावशीने तिला चिमट्याने पुढे ढोसलं.

“सरक ना गं साळू,” मावशी म्हणाली. “थांबू नकोस बाई. मागे सगळी उघडी आहेत.”